स्क्रीन काळीच राहिली तर: लिनक्सचा डेस्कटॉप उघडत नसताना काय तपासावे

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशा जुन्या पीसींसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा सरळ मार्ग उरला. इंदूरमधल्या टिळक नगर, सुदामा नगरच्या घरांतले असेंबल्ड पीसी असोत, की भंवरकुआँला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे जुने लॅपटॉप, लिनक्सवर ते उत्तम चालतात. पण एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर लोगो येतो, गोल फिरतो आणि पुढे नुसता काळोख. अशा वेळी कानावर पडणारा पहिला सल्ला असतो, ‘फॉरमॅट मारून नवीन टाकून घ्या.’ तो घाईने मानू नका. डेस्कटॉप दिसत नसला तरी खालची यंत्रणा बहुतेक वेळा जिवंत असते, फोटो आणि कागदपत्रे जागच्या जागी असतात, आणि बिघाड कुठे आहे हे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेले असते. ते लिहिलेले कसे वाचायचे, हे इथे सांगायचे आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी दोन शब्द. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी कीबोर्डवर लहान लिपीत टाकायच्या, आकडेही इंग्रजी. ‘मोठ्या लिपीत’ असे सांगितले असेल तिथेच शिफ्ट दाबायची. आडवी रेघ, तिरकी रेघ, टिंब आणि मोकळी जागा जशी दिसते तशीच ठेवायची. ‘सुडो’ हा शब्द एस, यू, डी, ओ असा लिहितात. तो लावला की पासवर्ड विचारला जातो आणि टाइप करताना पडद्यावर काही उमटेलच असे नाही. तरीही तो लिहून एंटर दाबायचा. सगळ्या कमांड उबुंटू आणि मिंटसाठी आहेत.

आधी अडले कुठे ते पाहा

बटण दाबल्यावर कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत असेल, तर लिनक्सचा संबंधच नाही. केबल, रॅम, मॉनिटरचा इनपुट पाहा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत केबल कार्डाच्या पोर्टला हवी. खोली झाडताना काढलेली केबल चुकून मदरबोर्डच्या व्हीजीए पोर्टला लावली जाते, आणि कार्ड बसवलेले असताना ते पोर्ट बऱ्याच बोर्डांवर बंद असते.

लोगो येतो आणि मग मजकुराची पाटी थांबते, हा दुसरा प्रकार. त्यात कंसातला ‘इनिटरॅमएफएस’ (डिस्क जोडण्याआधी चालणारी लहान प्राथमिक सिस्टम) हा शब्द दिसला, तर बहुधा डिस्कची फाइल सिस्टम बिघडली आहे. ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ दिसले, तर एखादे पार्टिशन जोडता आले नाही. तिसऱ्या प्रकारात लॉगिनची पाटीच येत नाही, कोपऱ्यात फक्त रेघ लुकलुकते: ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनची पाटी दाखवणारा कार्यक्रम. चौथ्यात पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनच समोर येते: बहुधा डिस्क भरली आहे किंवा तुमच्या होम फोल्डरातल्या फाइलींची मालकी बिघडली आहे. या चार प्रकारांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करण्यातच बहुतेकांचा दिवस जातो.

मजकुराच्या खिडकीत शिरणे

काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर त्यासोबत एफएन लागू शकते. एफ३ने नाही आले तर एफ४, एफ५ दाबून पाहा. ‘लॉगिन’ असा शब्द आला, तर निम्मे काम झाले. युजरचे नाव आणि पासवर्ड द्या.

इथे मराठी वापरणाऱ्यांची एक खास अडचण येते. सिस्टमची भाषा मराठी ठेवली असेल तर या खिडकीत अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, कारण तिच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे, मात्रा जुळवण्याची सोय तिच्यात नाही. घाबरू नका, लॉगिन झाल्यावर

एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी

ही कमांड द्या. ‘एलसी_ऑल’ आणि शेवटचा ‘सी’ मोठ्या लिपीत. पुढचे सगळे संदेश इंग्रजीत येतील, आणि ते कुणाला दाखवायला, शोधायलाही सोपे जातात.

दुसरी अडचण अशी: ग्राफिक लॉगिनवर पासवर्ड वारंवार चुकत असेल आणि इथे तोच चालत असेल, तर लॉगिनच्या पाटीवर मराठी कीबोर्ड लागलेला आहे. ठिपक्यांमागे कोणते अक्षर पडते आहे ते दिसत नाही, त्यामुळे माणूस पासवर्डलाच दोष देत बसतो. सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली की) आणि स्पेस दाबून इंग्रजी लेआउट निवडा. कायमचा उपाय:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन

त्यात पहिला लेआउट इंग्रजीच ठेवा. मराठी डेस्कटॉपमध्ये शिरल्यावर जोडता येते.

एफ३ने काहीच झाले नाही तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या यादीत जावे लागेल. जुन्या बायोसच्या पीसीत सुरू होताच शिफ्ट दाबून धरा. नव्या, यूईएफआयच्या पीसीत लोगो दिसताच एस्केप एकदाच दाबा. जास्त वेळा दाबली तर नुसते ‘ग्रब>’ येते. तिथे ‘नॉर्मल’ लिहून एंटर दाबा आणि लगेच एकदा एस्केप. यादी आली की पहिल्या ओळीवर असताना ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल. ते दोन्ही शब्द पुसून त्या जागी

सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट

लिहा आणि एफ१० दाबा. आता यंत्र डेस्कटॉपच्या वाटेला न जाता सरळ मजकुराच्या लॉगिनवर थांबेल, आणि वाटेतले संदेशही दिसतील. हा बदल एका सुरुवातीपुरता असतो, पुढच्या वेळी आपोआप जातो, म्हणून निर्धास्त करून पाहा.

याच जागी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा ताबा घेऊ देत नाही आणि साध्या, फर्मवेअरने दिलेल्या चित्रावर काम भागवते. त्याने डेस्कटॉप उघडला, तर दोष ड्रायव्हरचा हे जवळजवळ नक्की. पण तो तपासणीपुरताच ठेवा. कायम ठेवला तर रिझोल्यूशन अडकते, व्हिडिओ अडखळतात, बाहेरचा दुसरा मॉनिटर चालत नाही, आणि खरा बिघाड तसाच राहतो.

डिस्क भरली आहे का

हे सर्वांत आधी पाहायचे, कारण सर्वांत कमी वेळ लागतो आणि लक्षणे मात्र भलत्याच बिघाडासारखी दिसतात.

डीएफ -एच

शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ असलेली ओळ बघा. तिथे १०० टक्के असेल तर कारण सापडले. लॉगिन होताना डेस्कटॉपला होम फोल्डरात आणि ‘टीएमपी’मध्ये काही लहान फाइली लिहाव्या लागतात, जागा नसली की सत्र सुरू होताच कोसळते आणि तुम्ही परत लॉगिनवर. ईएक्सटी४ फाइल सिस्टम ५ टक्के जागा रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवते, त्यामुळे खालची यंत्रणा मात्र सुरळीत चालू दिसते. टक्के ठीक दिसत असतील तर ‘डीएफ -आय’ही द्या, लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले तरी परिणाम तोच होतो.

सुडो एपीटी क्लीन
सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम

यातला शेवटचा ‘एम’ मोठ्या लिपीत. पहिली कमांड उतरवून ठेवलेली पॅकेजे पुसते, दुसरी जुन्या नोंदी २०० एमबीपर्यंत छाटते. लॉगिनपुरती जागा याने होते. मग मोठा भार कुठे आहे ते शोधा:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

शेवटच्या ओळीत एकूण बेरीज येते, सर्वांत मोठा फोल्डर तिच्या लगेच वर. मिंटमध्ये तो पुष्कळदा ‘टाइमशिफ्ट’ असतो. सिस्टमच्या जुन्या स्थितीच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणारी टाइमशिफ्ट ही सोय मोलाची आहे, पण स्नॅपशॉट त्याच १२० जीबीच्या एसएसडीवर साठत गेले की तीच डिस्क भरते. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ने यादी पाहा आणि ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट’ने जुने काढा, ताजा एक ठेवा. तो फोल्डर हाताने पुसू नका.

अपडेट चालू असताना लाइट गेली

पावसाळ्यात ढग गडगडले की आपल्याकडे लाइट जा-ये करते, आणि डेस्कटॉप पीसीला बॅटरी नसते. पॅकेजे उलगडली जात असताना वीज गेली, तर काही नवी, काही जुनी, काही अर्धवट अशी स्थिती होते. नवे कर्नल बसले पण त्याचा इनिटरॅमएफएस तयार झाला नाही, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचे एक अंग नवे आणि दुसरे जुने, असे घडते. लक्षण एकच, काळा पडदा.

मजकुराच्या खिडकीत जाऊन क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

पहिली कमांड अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करते. ती काही जुन्या सेटिंगविषयी प्रश्न विचारते; खात्री नसेल तर एंटर दाबून जुनीच फाइल ठेवा. ‘लॉक’ नावाची फाइल अडवते आहे असा संदेश आला, तर ती लगेच पुसण्याचा सल्ला मानू नका. मागे खरोखरच दुसरे अपडेट चालू असू शकते. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या.

‘फुल-अपग्रेड’ किंवा ‘फिक्स-ब्रोकन’ पुढे जाण्याआधी काय बसेल, काय निघेल याची यादी दाखवते. ती यादी वाचा, आणि हे आवर्जून करा. निघणाऱ्यांत ‘उबुंटू-डेस्कटॉप’, ‘सिनॅमन’, ‘जीडीएम३’ किंवा ‘लाइटडीएम’ दिसले तर ‘एन’ दाबून थांबा. ‘पायथॉन३’ काढायला गेलेल्यांचा अख्खा डेस्कटॉप याच वाटेने गेला आहे, कारण डेस्कटॉपचे अनेक भाग त्यावर उभे आहेत. असे आधीच घडले असेल तर काय आणि कधी निघाले ते ‘/वार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ या फाइलीत तारीख-वेळेसह मिळते. उबुंटूत ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’, मिंटमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल मिंट-मेटा-सिनॅमन’ देऊन तो परत बसवता येतो.

याला इंटरनेट लागते. मजकुराच्या खिडकीतून वायफाय जोडता येते, पण त्याहून सोपे म्हणजे ॲन्ड्रॉइड फोन डेटा केबलने लावून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करणे. बहुतेक वेळा जोडणी आपोआप होते. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिल्यावर ‘कनेक्टेड’ दिसायला हवे. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको.

छोटा यूपीएस घेतला तर त्याची पाच-दहा मिनिटे अपडेट पुरे करून पीसी बंद करायला पुरतात. तो नसेल तर वादळी संध्याकाळी अपडेट लावू नका.

ग्राफिक्स ड्रायव्हर

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात, त्यामुळे त्यांच्याकडून त्रास कमी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून बसतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा भाग पुन्हा तयार करावा लागतो. हे काम ‘डीकेएमएस’ करते. ते फसले की नव्या कर्नलवर पडदा काळा.

पटकन ओळखायची खूण म्हणजे जुने कर्नल. ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचे कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप नीट उघडला, तर ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळलेला नाही. तातडीचे काम त्या जुन्या कर्नलवर खुशाल उरका, दुरुस्ती नंतर निवांत करता येते.

दुरुस्तीसाठी आधी स्थिती पाहा:

एलएसपीसीआय -के | लेस
डीकेएमएस स्टेटस
यूनेम -आर

पहिल्या कमांडच्या उत्तरात ‘व्हीजीए’ किंवा ‘३डी कंट्रोलर’ शोधा आणि त्याखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचा. ती ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. ‘डीकेएमएस’च्या यादीत चालू कर्नलच्या क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर त्या कर्नलचे हेडर बसवून पुन्हा तयार करायला लावा:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

तरीही तयार होत नसेल, तर तुमच्या कार्डाला ड्रायव्हरची कोणती शाखा (आवृत्तीचा क्रमांक) लागते हे बघा. जीटी ७१० हे कार्ड जुन्या असेंबल्ड पीसींत जागोजाग सापडते. ते केप्लर पिढीचे, आणि केप्लरला ४७० ही शेवटची शाखा. ४०० आणि ५०० मालिकेतली, त्याआधीच्या फर्मी पिढीची कार्डे ३९०वर थांबली. जीटी ७३०चे काही नमुने फर्मी आहेत, काही केप्लर, म्हणून खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. जीटीएक्स ७५० टीआय, ९०० मालिकेतली आणि १० मालिकेतली, म्हणजे जीटीएक्स १०५०सारखी कार्डे ५८०पर्यंत चालतात. नावाच्या शेवटी ‘-ओपन’ असलेली पॅकेजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकांपासून पुढेच चालतात. १०५०वर ती बसवली की बसताना काही तक्रार येत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर पडदा काळा होतो. उलट आरटीएक्स ५० मालिकेला ‘-ओपन’च लागते.

योग्य कोणते ते ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ सांगते. ‘रेकमेंडेड’ लिहिलेले घ्या. आधीचे गुंतागुंतीचे झाले असेल तर सगळे काढून कोरी सुरुवात करणे बरे:

सुडो एपीटी पर्ज '^एनव्हिडिया-.*' '^लिबएनव्हिडिया-.*'
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू
सुडो रीबूट

काढल्यावर ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर ताबा घेतो. खेळांना तो अपुरा, पण ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ यांना जुन्या कार्डावर चालून जातो. ज्या पीसीवर फक्त पत्रे लिहायची आणि बँकेची कामे करायची आहेत, त्यावर एनव्हिडियाच्या मागे लागूच नका, नूवो ठेवा. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ‘डॉट रन’ फाइल आणून बसवली असेल, तर ती एपीटीला माहीतच नसते. आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ द्यावे लागेल.

आता सिक्युअर बूट. ड्रायव्हर नीट तयार झाला, ‘इन्स्टॉल्ड’ही दिसते, पण नोंदीत ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे येते. कारण असे की सिक्युअर बूट चालू असताना सहीविना कर्नल मॉड्यूल घेतले जात नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो, आणि न कळून ‘कंटिन्यू बूट’ दाबले की सही नोंदवायची राहून जाते. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट चालू आहे का पाहा. चालू असेल तर:

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

टिंबाआधीचा ‘मोक’ मोठ्या लिपीत. पासवर्ड म्हणून आठ साधे आकडे द्या, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन धाटणीचा असतो आणि चिन्हे जागा बदलतात. रीस्टार्ट करून ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड, मग ‘रीबूट’.

ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत, तिथे ‘सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल’ देऊन रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप उघडत असेल, तर दोष एनव्हिडियाच्या बाजूला आहे. ते ठीक झाल्यावर ‘इंटेल’च्या जागी ‘ऑन-डिमांड’ ठेवा.

डिस्प्ले मॅनेजर

लॉगिनची पाटी दाखवणारा कार्यक्रम उबुंटूत जीडीएम३, मिंटमध्ये लाइटडीएम, कुबुंटूत एसडीडीएम.

सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर
जर्नलसीटीएल -बी -यू डिस्प्ले-मॅनेजर
जर्नलसीटीएल -बी -पी एरर

तिसऱ्या कमांडमधला ‘एरर’ ई, आर, आर असा तीनच अक्षरांत लिहायचा. यंत्र पूर्ण गोठून बटण दाबून बंद करावे लागले असेल, तर ‘-बी’नंतर ‘-१’ लिहा, म्हणजे मागच्या वेळच्या नोंदी दिसतील. वरून पहिली चूक महत्त्वाची. खालच्या बऱ्याचशा तिच्या पोटातून आलेल्या असतात. एक्सच्या (पडद्यावर चित्र आणणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) नोंदी मिंटमध्ये ‘/वार/लॉग/’मध्ये ‘एक्सऑर्ग.०.लॉग’ नावाने असतात, पहिला एक्स मोठ्या लिपीत. त्यात दुहेरी ‘ई’ कंसात असलेल्या ओळी शोधा. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ म्हणजे ड्रायव्हरच मिळाला नाही, वर जा.

दोन डेस्कटॉप बसवल्यावर दोन मॅनेजर भांडतात. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ देऊन एकच निवडा. उबुंटू २२.०४ किंवा २४.०४वर वेलँडमुळे (एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेमुळे) पाटी येत नाही असा संशय असेल, तर ‘/ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ’मध्ये ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ या ओळीच्या आधीचे # चिन्ह काढून पाहा. २५.१०पासून उबुंटूच्या नोम या डेस्कटॉपमध्ये एक्सचे सत्रच राहिलेले नाही, तिथे हा उपाय लागू नाही.

पासवर्ड घेतो आणि परत पाठवतो

डिस्क भरलेली नाही, तरी हे होते आहे? एक सोपी कसोटी लावा:

सुडो ॲडयूजर चाचणी

नव्या युजरने डेस्कटॉप उघडला, तर अख्खी सिस्टम ठीक आहे आणि बिघाड फक्त तुमच्या होम फोल्डरात आहे. या एका निकालाने शोधाचा पसारा एका फोल्डरापुरता उरतो, म्हणून डेस्कटॉप पुन्हा बसवण्याच्या कितीतरी आधी ही कसोटी लावावी.

‘एलएस -एलए ~’ दिल्यावर काही फाइलींपुढे मालक म्हणून ‘रूट’ दिसेल. ग्राफिक कार्यक्रम सुडो लावून उघडल्याने असे होते, विशेषतः ‘.एक्सऑथॉरिटी’ आणि ‘.आयसीईऑथॉरिटी’ या फाइली रूटच्या झाल्या की सत्र सुरू होत नाही. मालकी परत घ्या:

सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर $यूजर:$यूजर ~

‘-आर’ आणि दोन्ही ‘यूजर’ मोठ्या लिपीत. शेवटचे चिन्ह ~ हेच हवे. तिथे चुकून तिरकी रेघ पडली तर अख्ख्या सिस्टमची मालकी बदलते आणि मग खरोखरच नवीन बसवावे लागते. ‘एलएस -एलडी /टीएमपी’च्या उत्तरात अक्षरांची ओळ ‘टी’ने संपायला हवी, नसेल तर ‘सुडो सीएचएमओडी १७७७ /टीएमपी’.

लॉगिन होऊन ‘ओह नो! समथिंग हॅज गॉन राँग’ अशी पाटी येत असेल, तर बहुधा एखादे नोम एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीशी जुळत नाही. ‘~/.लोकल/शेअर/नोम-शेल/एक्स्टेन्शन्स’ या फोल्डरचे नाव बदलून ठेवा. सेटिंग बिघडल्याचा संशय असेल तर ‘.कॉन्फिग’चेही नाव बदलून पाहता येते. पुसू मात्र नका, क्रोमचे बुकमार्क आणि इतर अनेक गोष्टी त्यातच असतात.

इनिटरॅमएफएस आणि इमर्जन्सी मोड

कंसातल्या ‘इनिटरॅमएफएस’पुढे ‘एक्झिट’ लिहून एंटर दाबा. अडचण कोणत्या पार्टिशनची ते तो सांगतो. मग, उदाहरणार्थ,

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव वेगळे येते. संदेशात दिसते तेच लिहा. संपल्यावर पुन्हा ‘एक्झिट’. चालू, जोडलेल्या पार्टिशनवर ही कमांड कधीही देऊ नका.

एकदा वीज गेल्यावर असे होणे समजू शकते. परत परत होत असेल तर डिस्क मरायला टेकली आहे. ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ देऊन ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे पाहा. शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवून आधी फाइली बाहेर काढा. हे पॅकेज आधीपासून नसते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ नावाने बसवावे लागते. नवी एसएसडी सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर तासाभरात मिळते, फोटो मिळत नाहीत.

इमर्जन्सी मोड बहुधा ‘/ईटीसी/एफएसटॅब’मुळे, म्हणजे सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीमुळे येतो. काढून टाकलेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या डिस्कची ओळ त्यात राहिली की यंत्र दीड मिनिट तिची वाट पाहते आणि थांबते. ‘ब्लकआयडी’ने आताचे यूयूआयडी (पार्टिशनांचे ओळख-क्रमांक) बघा, न जुळणाऱ्या ओळीच्या आधी # लावा. विंडोजच्या किंवा बाहेरच्या डिस्कच्या ओळीत पर्यायांमध्ये ‘नोफेल’ जोडला तर पुढे असे अडणार नाही.

काहीच चालले नाही तर लाइव्ह पेन ड्राइव्ह

८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर उबुंटू किंवा मिंट. त्यातून सुरू केल्यावर डेस्कटॉप उघडला तर कार्ड, केबल, मॉनिटर ठीक. तोही गोठत असेल तर रॅम, धूळ आणि उष्णता यांच्याकडे वळा. मे महिन्यात खोलीच तापलेली असताना धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला वाचवू शकत नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या.

लाइव्हमधून आधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मराठीत बसवलेल्या सिस्टममध्ये फोल्डरांची नावेही मराठी असतात आणि मजकुराच्या खिडकीत ती टाइप करता येत नाहीत. लाइव्हच्या फाइल मॅनेजरमध्ये ही अडचण नाही. मग बसवलेल्या सिस्टममध्ये शिरून वरच्याच कमांड देता येतात:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
फॉर आय इन डेव्ह प्रॉक सिस रन; डू सुडो माउंट --बाइंड /$आय /एमएनटी/$आय; डन
सुडो सीएचरूट /एमएनटी

‘माउंट’ एम, ओ, यू, एन, टी असा आणि ‘आय’ हे एकच अक्षर. यूईएफआयच्या पीसीत आत शिरल्यावर ‘माउंट /बूट/ईएफआय’ही द्या, ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्याआधी ‘माउंट /बूट’.

मुलगा किंवा भाची पुण्याहून फोनवर मदत करत असेल तर पडद्यावरचे वाचून दाखवण्यापेक्षा फोटो पाठवा. त्याहून चांगले म्हणजे यंत्र ठीक असतानाच ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ बसवून ठेवणे. पडदा काळा असला तरी घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून, एकाच वायफायवर, ‘एसएसएच’ने आत शिरता येते आणि नोंदी कॉपी करून पाठवता येतात.

आणि खरोखरच नवीन बसवण्याची वेळ आली, तर फाइलींची प्रत आधी तपासून घ्या: दोन-चार फोटो, एखादे पीडीएफ दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. ‘/होम’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर इन्स्टॉलरमध्ये हाताने विभागणी करण्याचा पर्याय निवडा, रूटच्या, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेच्या पार्टिशनपुढेच फॉरमॅटची खूण करा, ‘/होम’पुढे ती करू नका, आणि युजरचे नाव पूर्वीचेच ठेवा, म्हणजे जुना फोल्डर तसाच्या तसा जोडला जातो.